सॅक 305 की निकेलवाली कथील-तांबं बार? वेव्हचा पॉट भरण्याआधी

वेव्ह सोल्डरिंग म्हणजे सर्किट बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेऊन पिना जोडणं. ते सोल्डर ज्या भांड्यात वितळतं तो पॉट. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाच्या, वेव्हचा पॉट भरायचा म्हटलं की सहसा सोल्डरच्या दोन बार समोर येतात. एक सॅक 305, म्हणजे कथील आणि थोडं तांबं असलेली 3 टक्के चांदीवाली. दुसरी बिनचांदीची कथील-तांबं बार, जिच्यात साधारण 0.05 टक्के निकेल आणि त्याहूनही कमी जर्मेनियम असतं. पहिली 217 ते 220 अंशांत वितळते, दुसरी 227 ला. बहुतेक वाद या सात-दहा अंशांवरच अडतो. मला मात्र निकाल वेगळ्याच जागी लागलेला दिसतो: पॉटमधलं तांबं किती लवकर चढतं यावर.

आधी सॅकच्या बाजूचं. जाड मल्टिलेअर बोर्ड, ग्राउंड प्लेनला (उष्णता ओढून घेणाऱ्या मोठ्या तांब्याच्या थराला) थेट जोडलेल्या पिना, मोठे ट्रान्सफॉर्मर असा माल असेल तर होल फिल, म्हणजे पिनेच्या छिद्रात सोल्डर वरपर्यंत भरणं, सॅकने सोपं जातं. पॉट 255 ते 260 वर ठेवूनही धातू होलमध्ये वर चढेपर्यंत पातळ राहतो. निकेलवाल्या बारला तेच काम 260 ते 265 वर, प्रीहीट (लाटेआधी बोर्ड तापवणं) थोडा वाढवून आणि संपर्काला सेकंदभर जास्त देऊन करून घ्यावं लागतं. संपर्काची लांबी 5 सेंटिमीटर आणि कन्व्हेयर मिनिटाला 1 मीटर असेल तर 3 सेकंद मिळतात. 4 हवे असतील तर वेग 0.75 वर आणावा लागतो. ताशी किती बोर्ड निघतात त्यावर याचा परिणाम होतो, हे नाकारता येणार नाही. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर सॅक 305 लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

आता तांब्याचं. प्रत्येक बोर्ड पॅडवरचं आणि पिनांवरचं थोडं तांबं पॉटमध्ये सोडून जातो. सॅक ते भराभर खातो. सुरुवातीचं 0.5 टक्के हळूहळू 0.9 च्या पुढे सरकतं आणि कथील-तांब्याच्या सुया तयार व्हायला लागतात. जुन्या 63/37 मध्ये, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाच्या सोल्डरमध्ये, या सुया वर तरंगायच्या. पॉट थंड करून झाऱ्याने काढल्या की काम झालं. लेड-फ्रीमध्ये ही युक्ती चालत नाही. सुयांची घनता 8.3 च्या आसपास आणि सॅकची 7.4, त्यामुळे त्या तळाशी बसतात. पंप सुरू झाला की तिथूनच ओढल्या जातात आणि चिप वेव्हच्या, म्हणजे मुख्य लाटेआधीच्या खळाळत्या लाटेच्या, छिद्रांत अडकतात.

हे पहिल्या दिवशी कळत नाही. वेव्हची उंची तीच राखायला पंपाचे आरपीएम आठवड्यागणिक वाढवावे लागतात. बोर्डाऐवजी काचेची प्लेट लाटेवरून फिरवली तर संपर्काचा पट्टा एका बाजूला निमुळता दिसतो. मग त्या बाजूच्या एसएमडीला (बोर्डच्या पृष्ठावर बसणाऱ्या छोट्या भागांना) सोल्डर स्किप होतं, म्हणजे लागतच नाही, कनेक्टरवर ब्रिजिंग येतं, म्हणजे शेजारच्या पिना सोल्डरने जुळतात, आणि लोक फ्लक्सला (सोल्डर नीट चिकटावं म्हणून आधी लावतात त्या रसायनाला) दोष देत बसतात. जॉइंटवर बोट फिरवलं तर वाळूसारखं खरखरीत लागतं.

उपाय आहे, पण महाग. 400 किलोच्या पॉटमध्ये तांबं 0.95 वरून 0.70 वर आणायचं तर सुमारे 105 किलो धातू काढून तेवढाच बिनतांब्याचा भरावा लागतो. त्या काढलेल्या धातूत 3 किलोहून जास्त चांदी असते. भंगारात तिचा पूरा भाव मिळेलच असं नाही. माझ्या हिशेबात तराजू इथेच झुकला.

निकेलवाली बार तांबं खातच नाही असं नव्हे. तिची सुरुवातच 0.7 ला होते, म्हणजे वर जागा कमी. पण निकेलमुळे पॅडवरचा थर घट्ट बसतो आणि विरघळणं मंदावतं. रोजच्या टॉप-अपला, म्हणजे कमी झालेला धातू भरून काढायला, बिनतांब्याची निकेलवाली बार वापरली तर आकडा बराच काळ जागेवर राहतो. रीवर्कच्या (दुरुस्तीच्या) मिनी पॉटवर फरक आणखी स्पष्ट दिसतो: कनेक्टर काढा, नवा बसवा, एवढ्यात सॅक होलच्या कडेचं 25 मायक्रॉनचं तांबं पार पातळ करू शकतो. वरून जॉइंट छान दिसतो, आत कड गेलेली असते.

दिसण्याबद्दल थोडक्यात. सॅकचा जॉइंट निस्तेज असतो, त्यावर आकुंचनाच्या भेगा येतात. आयपीसी-ए-610 या बोर्ड तपासणीच्या मानकानुसार भेगेचा तळ दिसत असेल आणि ती पिनेला किंवा पॅडला भिडत नसेल तर चालतं. तरी प्रत्येक नवा इन्स्पेक्टर त्यावर टचअपचा (हाताने पुन्हा सोल्डर करण्याचा) शिक्का मारतोच. निकेलवाला जॉइंट चकचकीत येतो, ही कटकट कमी. जर्मेनियममुळे ड्रॉसही (पृष्ठावर जमणारा ऑक्साइडचा मळ) कमी पडलेला मला दिसतो, अर्थात पॉट गरजेपेक्षा गरम ठेवला नाही तर.

तेव्हा माल साधा एक-दोन थरांचा, पॉवर सप्लाय किंवा कंट्रोल कार्डांसारखा असेल तर मी निकेलवालीच भरीन. जड बोर्ड रोज असतील तर सॅक घ्या, पण बिनतांब्याची 3 टक्के चांदीवाली टॉप-अप बार पहिल्या ऑर्डरमध्येच मागवा.

63/37 चा पॉट बदलत असाल तर कोपरे, इम्पेलर (पंपाची पाती), नोझलची आतली बाजू खरवडून काढा. शिशाची मर्यादा 0.1 टक्के आहे. 400 किलोत ती ओलांडायला जुनी धातू जेमतेम किलोभर मागे राहिली तरी पुरते. तांबं, शिसं तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचं सॅम्पल थंड पॉटच्या पृष्ठावरून घेऊ नका. चिप वेव्ह आणि मुख्य वेव्ह, दोन्ही पंधरा मिनिटं चालवून मग वाहत्या धातूतूनच घ्या, नाहीतर तळाला बसलेलं तांबं रिपोर्टमध्ये येतच नाही.