नौपाड्यातला हंगेरियनचा बिगिनर क्लास, कसा आहे आणि कोणी लावावा

ठाण्यात जर्मन, फ्रेंच, जपानीचे क्लास पावलापावलावर सापडतात पण हंगेरियन म्हटलं की लोक आधी "ते कुठे बोलतात" असं विचारतात. तर आहे, नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या बाजूला एक मॅडम घरीच बॅच घेतात, शनिवारी दुपारी, दोन महिने, फी साडेसहा हजार. मॅडम आपल्या मराठीच, बरीच वर्षं हंगेरीत डेब्रेत्सेनला राहून आल्यात. नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण त्या जाहिरात करत नाहीत, ओळखीतूनच बॅच भरते. माझी नुकतीच संपली म्हणून लिहितेय.

या क्लासची खरी गंमत म्हणजे सुरुवातच "माझं नाव अमुक, मी तमुक गावची" अशी होत नाही. मॅडम टीव्हीवर फोटो लावतात, सगळे खूश माणसांचे. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर नटूनथटून आलेली पोरंपोरी, टेंभीनाक्याची हंडी फुटल्यावर चिंब भिजलेले गोविंदा, तलावपाळीला भेळ खात बसलेले आजी-आजोबा. आणि आपण सांगायचं की ही माणसं कशी आहेत, बस. जवळजवळ अर्धा कोर्स याच एका विषयावर चालतो. बॅचमधले एक काका दुसऱ्याच शनिवारी कुरकुरायला लागले की अहो तिकीट कसं मागायचं ते कधी शिकवणार, पण मला विचाराल तर ही पद्धत एकदम बरोबर आहे, कारण खूश माणसाचं वर्णन करता करता या भाषेचं निम्मं व्याकरण बाहेर येतं.

म्हणजे बघा, बोल्दोग म्हणजे आनंदी. एम्बेर म्हणजे माणूस, एम्बेरेक माणसं. बोल्दोग एम्बेरेक म्हणजे आनंदी माणसं, इथे बोल्दोगला काही होत नाही, आपल्यासारखंच, आपण पण आनंदी माणूस आणि आनंदी माणसं असंच म्हणतो. पण "माणसं आनंदी आहेत" म्हणायचं झालं की ऑझ एम्बेरेक बोल्दोगोक, आता विशेषणाला पण अनेकवचन लागलं आणि "आहेत" मात्र गायब. मी आनंदी आहे म्हणताना बोल्दोग वॉद्योक, तिथे क्रियापद लागतं, आम्ही म्हणताना बोल्दोगोक वॉद्युंक, तिथेही लागतं, फक्त तो-ती-ते लोक आले की नाही. अख्खी बॅच दोन शनिवार बोल्दोगोक एम्बेरेक म्हणत होती आणि मॅडम न चिडता फोटोकडे बोट दाखवून परत म्हणायला लावत होत्या.

वर अजून एक भानगड. आकडा आला की माणसं एकवचनात. केत बोल्दोग एम्बेर, दोन आनंदी माणूस, आणि क्रियापद पण एकवचनीच, केत बोल्दोग एम्बेर मोशोयोग, म्हणजे दोघं स्मित करतायत. पुष्कळ म्हणायचं असेल तरी तसंच, आणि पुष्कळला शब्द आहे शोक! शोक बोल्दोग एम्बेर. हे पहिल्यांदा ऐकल्यावर क्लास पाच मिनिटं बंद पडला होता, मागे बसलेली कॉलेजची मुलगी तर खुर्चीवरून पडायची बाकी होती.

उच्चारात मराठी माणसाला बराच फायदा आहे हे मॅडमचं म्हणणं मला पटलं. झाडातला झ आणि चमच्यातला च आपल्याला आयते येतात, दंत्य त-द पण येतात. लिपी रोमनच आहे पण एस दिसला की श म्हणायचा आणि एस-झेड जोडून दिसले की स, म्हणून ते लोक बुदॉपेश्त म्हणतात. जोर कायम पहिल्या अक्षरावर, त्यात अपवाद शोधत बसायला नको. अडतं ते दोन ठिपकेवाल्या स्वरांवर. ओठ ओ म्हणायला करतो तसे गोल करायचे आणि आतून ए काढायचा, त्याचंच ऱ्हस्व वेगळं, दीर्घ वेगळं, आरशासमोर करून बघा, घरचे विचारतील बरं आहे ना.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे खुशीचे प्रकार. बोल्दोग हा मोठा शब्द, विदाम म्हणजे हसतमुख, खेळकर, योकेद्वू म्हणजे आत्ता मूड छान आहे, एलेगेदेत म्हणजे समाधानी. आता तलावपाळीचे आजोबा यातले कोण? यावर इतका वाद झाला की मिसळीपर्यंत गेला (क्लास सुटल्यावर आम्ही तिघंचौघं मामलेदारला जायचो), काकांचं ठाम मत एलेगेदेत, माझं विदाम. आणि प्रत्येकाचं अनेकवचन वेगळ्या स्वराने, बोल्दोगोक, विदामॉक, एलेगेदेत्तेक. शब्दात जे स्वर आहेत त्यांना जुळणारा स्वर प्रत्ययाला लागतो, म्हणून ते स्मित करतात हे मोशोयोग्नॉक पण ते हसतात हे नेवेत्नेक. पाठ करायला गेलात तर वैताग येईल, दहा-वीस वाक्यं मोठ्याने म्हटली की कानालाच चुकलेलं खटकायला लागतं. मॅडमनी तर गोविंदाला पण त्यांचं अनेकवचन लावलं, ऑ गोविंदाक बोल्दोगोक!

तो आणि ती यात फरकच नाही, एकच सर्वनाम, त्यामुळे फोटो न दाखवता वर्णन केलं तर मुलगा की मुलगी कळत नाही. पण वयस्कर बाईला नेनी आणि पुरुषाला बाची म्हणतात आणि ते नावाच्या मागे लागतं, मारी नेनी, अगदी आपल्या मंदाकाकूसारखं. आडनाव पण आधी आणि नाव मग, शाळेच्या हजेरीपटासारखं. आजूबाजूला जर्मन, स्लाव्ह भाषा, रोमानियन आणि मध्येच ही फिनिश-एस्टोनियनची लांबची बहीण, पण अशा गोष्टींत एकदम घरच्यासारखी वाटते.

आता खटकलेलं. झेरॉक्स इतक्या फिकट की स्वरांवरचे ठिपके आहेत की रेघा तेच दिसत नाही आणि या भाषेत त्यावरच सगळं अवलंबून आहे. ऐकण्याचा सराव फार कमी, मॅडमचा आवाज सोडून दुसऱ्या कोणाचा हंगेरियन कानावर पडत नाही, शेवटी शेवटी त्यांनी ग्रुपवर ऑडिओ टाकले ते पहिल्या आठवड्यात टाकायला हवे होते. शेवटच्या दोन शनिवारी "का खूश आहेत" आणि "कारण" हे मिएर्त आणि मेर्त घेतलं ते घाईत उरकलं, खरंतर तिथेच बोलायला मजा येत होती. बाहेर पाऊस, मॅडमनी विचारलं मिएर्त बोल्दोगोक, आणि काका म्हणाले मेर्त एशिक, कारण पाऊस पडतोय, ते पण न अडखळता!

बॅचमधल्या दोघी सेगेद आणि पेचला मेडिकलला जाणाऱ्या आहेत. तिथे शिकवतात इंग्लिशमध्ये पण वॉर्डात पेशंटशी हंगेरियनमध्येच बोलावं लागतं, त्यांना हा क्लास पाया म्हणून ठीक आहे, दुखतं-खुपतं मात्र यात काहीच येत नाही, ते वेगळं शिकावं लागेल. स्कॉलरशिपवर जाणाऱ्यांना, ॲपवर एकट्याने करून कंटाळलेल्यांना किंवा माझ्यासारख्या हौशींना बिनधास्त सांगेन. परीक्षेची तयारी हवी असेल तर नका जाऊ. गाडी नेऊ नका, शनिवारी तिथे पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत या. आणि पहिल्याच दिवशी मॅडमकडून हँडआउटची पीडीएफ मागून घ्या, त्या देतात, फक्त आपणहून देत नाहीत.