सोलर पॅनेलवर चालणारा वाफसा सेन्सर: सावळजच्या बागेतलं एक वर्ष

तासगाव तालुक्यात सावळजला आमची दोन एकर द्राक्षबाग. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीतल्या एका दुकानातून हा सेन्सर 18,500 रुपयांना घेतला. वाफसा, म्हणजे जमिनीतली ओल, मोजायला जमिनीत दोन कांड्या, पानावरची ओल कळायला एक पट्टी, वर तळहाताएवढं सोलर पॅनेल. सिमकार्ड लागत नाही. लोरा नावाच्या, थोड्या विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवरून आकडे घरातल्या डबीत येतात. त्याची 865 ते 867 मेगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे विनापरवाना वापरता येते.

आधीच्या सेन्सरमध्ये पेन्सिल सेल होते. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीची, म्हणजे ओल्या पानांवर पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाची, धास्ती असायची आणि ते नेमके तेव्हाच संपायचे.

पुतण्या सांगलीच्या वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्यानं मल्टिमीटर लावून मोजलं. झोपेत हा सेन्सर 14 मायक्रोअँपियर ओढतो. दर पंधरा मिनिटांनी उठून मोजतो आणि पाठवतो, तेव्हा दोन सेकंद 45 मिलिअँपियर. दिवसाचा हिशेब पावणेतीन मिलिअँपियर-तासांच्या आत बसतो. एवढ्यावर मोबाईल दोन मिनिटंही चालेल का, शंकाच आहे. वीज साठवायला बॅटरीऐवजी 50 फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर आहेत. मला ही निवड फार आवडली. एप्रिलच्या उन्हात बागेतल्या सेन्सरची डबी हात लावू देत नाही, आणि तापलेला लिथियम सेल चार्ज केला की लवकर खराब होतो. कपॅसिटर लाखो वेळा भरतो, रिकामा होतो. पण साठा थोडा, ऊन नसेल तर चार-पाच दिवसांचाच.

तिथंच आम्ही अडकलो. बसवणाऱ्यानं पॅनेल मांडवाच्या तारेच्या उंचीला लावलं. नोव्हेंबरात फुटवे वाढले आणि एक पान पॅनेलच्या कडेच्या सेलवर आलं. सगळे सेल एका माळेत जोडलेले, त्यामुळं एक झाकला की सगळ्यांचाच प्रवाह घटतो. त्यात आठवडाभर ढग. सेन्सर बंद पडला. पान तोडलं, ऊन पडलं, तरी चालू होईना. सकाळी दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. कपॅसिटर थोडा भरला की प्रोसेसर उठायचा, लगेच रेडिओ लावायचा, व्होल्टेज कोसळायचं, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही नऊ दिवस अंदाजानं फवारण्या केल्या. ऐन फुलोऱ्यात ते जिवावर आलं होतं.

कंपनीनं बोर्ड फुकट बदलून दिला, हे मात्र मानलं पाहिजे. आता कपॅसिटर 4 व्होल्टपर्यंत भरल्याशिवाय सेन्सर उठत नाही आणि 3 च्या खाली गेला की स्वतःच थांबतो. मधला हा एक व्होल्ट पहिल्या बोर्डात ठेवलाच नव्हता. म्हणून घेणाऱ्यांना सांगतो, दुकानदार ॲप दाखवत बसेल. त्याला आधी विचारा, पूर्ण रिकामा झाल्यावर हा किती व्होल्टला उठतो आणि किती व्होल्टला झोपतो.

बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा, थर पॅनेलच्या काचेवर बसतो, फवारणी झाली की ओल्या फडक्यानं पुसावा लागतो. बाकी जूनपासून, सगळा पावसाळा धरून, एकही वाचन चुकलेलं नाही. खालच्या प्लॉटला दुसरा सेन्सर सांगितलाय, पॅनेल मांडवाच्या दीड फूट वर, स्वतंत्र पाइपावर.