निन्जा आठ महिने वापरल्यावर: ‘नो वर्क टू डू’ म्हणाला की लगेच मान डोलवू नका

मागच्या पंधरवड्यात चाचणीच्या टेबलावर पंपाच्या दाबाच्या रकान्यात प्रवाहाचा आकडा दिसायला लागला. कोड चारदा वाचला, चूक सापडेना. पुन्हा बिल्ड मारला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला सांगितला, की निन्जाचं (बदललेल्या फाइलीच पुन्हा कंपाइल करणारं बिल्ड टूल) एकच उत्तर, ‘नो वर्क टू डू’, म्हणजे करायला काही काम नाही. दोन दिवस असेच गेले. शेवटी बिल्ड फोल्डर उडवून सगळं पहिल्यापासून कंपाइल केलं आणि आकडे आपापल्या जागी आले.

मेक हे जुनं बिल्ड टूल सोडून सीमेक (निन्जासाठी बिल्डच्या सूचना लिहून देणारं टूल) आणि निन्जावर आलो ते वेळ वाचवायला. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे, ८ जीबीचा, आणि चालतोय तोवर मी नवा घेणार नाही. काही न बदलता बिल्ड मारला तरी आमचा मेक अकरा सेकंद फाइली चाचपत बसायचा. निन्जा एका सेकंदाच्या आत मोकळा होतो. जीसीसी हा कंपाइलर प्रत्येक फाइलमागे हेडरची (अनेक फाइलींत वापरल्या जाणाऱ्या सामाईक व्याख्यांच्या फाइलींची) जी यादी काढून देतो, ती निन्जा एकाच लॉगमध्ये भरून ठेवतो, हजार छोट्या फाइली दर वेळी उघडत नाही. एखादं हेडर डिलीट केलं तर मेकसारखा ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून अडूनही बसत नाही. शिवाय कंपाइलरचा फ्लॅग (कमांडमधला पर्याय) बदलला तर त्याला कळतं, कारण मागची कमांड त्याच्या लक्षात असते. मेक १९७६ पासून फाइलींच्या बदलाच्या तारखांवर चालत आला आहे, त्याला हे आपणहून कळत नाही.

म्हणूनच राग जास्त आला. निन्जाला ‘-डी एक्सप्लेन’ हा पर्याय लावून पाहिलं. कोणती फाइल का शिळी ठरली हे तो ओळीओळीने सांगतो. आमच्या हेडरबद्दल एक ओळ नाही.

मग स्क्रिप्ट उघडली, आणि इथे माझं मत बदललं. ज्या हेडरमध्ये दाब-प्रवाहाच्या रकान्यांचा क्रम असतो, ते एक पायथन स्क्रिप्ट बनवते. ती उपकरणांची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) वाचते, आणि त्या सीएसव्हीत नाव दिलेली दुसरी, सामाईक फील्डांची सीएसव्हीही वाचते. सीमेकच्या डिपेंड्समध्ये, म्हणजे कोणती फाइल बदलली की स्क्रिप्ट पुन्हा चालवायची त्या यादीत, मी पहिलीच लिहिली होती. दुसरीत दाब आणि प्रवाहाची अदलाबदल झाली. सहकाऱ्याकडे फर्मवेअर (उपकरणात चालणारा प्रोग्राम) नव्याने बिल्ड झालं, माझ्याकडे जुनंच हेडर राहिलं. जी फाइल निन्जाला कोणी सांगितलीच नाही, ती तो बघणार कशी? चूक माझी होती.

दुसरं नाव हाताने यादीत घालणं हा उपाय नव्हे. उद्या तिसरी सीएसव्ही आली की पुन्हा तेच. आता स्क्रिप्ट जी जी फाइल उघडते तिचं नाव स्वतःच डेपफाइलमध्ये (आउटपुट कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे याची यादी) लिहिते, आणि सीमेकच्या कस्टम कमांडला ‘डेपफाइल’ हा पर्याय दिलाय. निन्जासाठी तो सीमेक ३.७ पासून आहे, मेकफाइलसाठी ३.२० पासून. एकच काळजी घ्या: डेपफाइलमध्ये डाव्या बाजूला आउटपुटचा पाथ निन्जाला माहीत असलेलाच हवा, नाहीतर निन्जा ती यादी धरत नाही, ‘-डी एक्सप्लेन’मध्ये ‘एक्स्पेक्टेड डेपफाइल… टू मेन्शन’ असं दिसतं आणि ती कमांड दर बिल्डला पुन्हा चालते. माझा अर्धा तास त्यात गेला.

एक तक्रार मात्र कायम आहे. निन्जा फाइलचा मजकूर बघत नाही, बदलाची वेळ बघतो. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) दुसऱ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या समांतर आवृत्तीवर, जाऊन परत आलं की मजकूर तोच, तारीख नवी, आणि मधल्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल. एस्कॉन्स हे दुसरं बिल्ड टूल मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) बघून हे टाळतं. जुन्या मशीनवर हे फार बोचतं, पंखा भणभणतो आणि मी चहा करून येतो. सध्या सीकॅश (आधी कंपाइल केलेले निकाल साठवून पुन्हा वापरणारं टूल) लावलाय आणि दुसऱ्या ब्रँचसाठी गिट वर्कट्री, म्हणजे स्वतंत्र फोल्डर, वेगळी ठेवलीय. त्यामुळे नवा लॅपटॉप अजून एक वर्ष लांबला.

आणि दर शुक्रवारी निघताना एक बिल्ड रिकाम्या फोल्डरमध्ये लावून जातो. सोमवारी त्याची हेडरं रोजच्या फोल्डरमधल्या हेडरांशी ताडून बघतो.