पैसे आले का, हे कुणी सांगायचं? फोन, साउंडबॉक्स आणि स्क्रीनचं मशीन

भाचा विट्यात स्टेशनरीचं दुकान टाकतोय. परवा त्यानं विचारलं, "मामा, साउंडबॉक्स घ्यायलाच पाहिजे का? मोबाईल आहेच की हातात." मी गिऱ्हाइकात होतो, त्यामुळं त्याला दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं. पुढचे चार जण हाच प्रश्न घेऊन येतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं तासगावात किराणा-जनरल आहे. 2019 ते 2022 च्या दिवाळीपर्यंत मी क्यूआरचा स्टिकर आणि खिशातला फोन यावरच धंदा केला. त्यानंतर साउंडबॉक्स आला, म्हणजे पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं बोलून सांगणारा काउंटरवरचा छोटा स्पीकर. तो आजतागायत आहे. तिसरा प्रकार म्हणजे छोट्या स्क्रीनचं मशीन. आपण रक्कम टाकायची, मग तेवढ्याच रकमेचा क्यूआर त्यावर उमटतो. ते मेहुण्याच्या मेडिकलमध्ये आहे. रविवारी सकाळी तिथं मी बसतो, त्यामुळं तेही हाताखालून गेलंय. कोणत्या कंपनीचं घ्यावं यात मी शिरत नाही. तिथं मला फारसा फरक जाणवला नाही.

आधी फसवणुकीची रीत सांगतो, कारण निवड तिच्यावरच ठरते. खोटा स्क्रीनशॉट आता जुना झाला. आता थेट खोटं ॲपच असतं. आपल्याच स्टिकरवर कॅमेरा धरायचा, आकडा टाकायचा की हिरवी खूण, दुकानाचं नाव, वेळ, 12 आकडी व्यवहार क्रमांक, सगळं पडद्यावर येतं. टुंग असा आवाजसुद्धा येतो. गिऱ्हाइकाच्या फोनकडं बघून खरं-खोटं ओळखता येतं असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालणार नाही, पण मला ते जमलेलं नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की पैसे आले हे आपल्या बाजूला कोण सांगणार, आणि कुणाला सांगणार?

फोनच्या बाजूनं बोलायचं तर त्याला भाडं नाही. पैसे कुणी पाठवले त्याचं नाव दिसतं, आणि उधारीच्या वहीशी मेळ घालायला त्याचा मोठा उपयोग होतो. एकट्यानं दुकान चालवणाऱ्याला, जो सकाळी शटर उघडतो आणि रात्री स्वतःच लावतो, त्याला फोन पुरतोही. फक्त बँकेच्या एसएमएसवर विसंबू नये. एचडीएफसी बँकेनं 25 जून 2024 पासून यूपीआयनं 500 रुपयांपेक्षा जास्त जमा झाले तरच एसएमएस द्यायचं ठरवलं. किराण्याच्या दुकानात पाचशेच्या वरची बिलं दिवसाला किती होतात, ते प्रत्येकानं आपल्या गल्ल्यावरून बघावं. तुमच्या बँकेचा नियम वेगळा असेल, पण विचारून घेतलेलं बरं.

माझ्यापुरता फोनचा निकाल मात्र दुसऱ्याच कारणानं लागला. पैसे माझ्या खिशात यायचे आणि काउंटर असायचं दुसरीकडं.

दुकानात आम्ही तिघं. मी, सौ. आणि एक मुलगा. मी आठवड्यातून दोनदा तरी सांगलीला होलसेलकडं जातो, दुपारी दोन तास घरी असतो, मध्येच बँकेत किंवा दळपाच्या गिरणीवर. मी नसलो की सौ. बसते. आणि मग सुरू व्हायचं, "अहो, एकशे ऐंशी आलेत का?" मी गाडी कडेला घ्यायची, हेल्मेट काढायचं, फोन बघायचा. "आले." पाच मिनिटांनी पुन्हा, "पंचेचाळीस आलेत का?" दिवसाला वीस-पंचवीस फोन सहज व्हायचे. घास तोंडात असताना, स्मशानात उभा असताना, वडिलांना दवाखान्यात घेऊन गेलो असताना. तिला विचारायचा कंटाळा यायचा आणि मला सांगायचा. मग हळूहळू लहान रकमा ती विचारायची सोडून द्यायची, आणि गिऱ्हाइकानं फोन दाखवला की मान डोलवायची. फसवणाऱ्याला एवढी फट पुरते.

2022 च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दोघं मोटारसायकलवर आले. तेलाचा डबा, साखर, काजू-बदाम असं 2,340 रुपयांचं बिल झालं. मी सांगलीहून परत येत होतो. तिनं दोनदा फोन लावला, मी गाडीवर होतो, कळलं नाही. मागं आठ-दहा बायका ताटकळत होत्या. तो माणूस मोबाईल तिच्यासमोर धरून म्हणाला, "ताई, गेलेत पैसे, हे बघा की. विश्वास नाही का आमच्यावर?" तिनं जाऊ दिलं. रात्री हिशेबाला बसलो तर 2,340 कुठंच नाही. पैशाचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट पुढचं होतं. पुढं कितीतरी दिवस ती काउंटरवर बसायलाच तयार नव्हती. स्वतःला दोष देत राहिली. चूक तिची नव्हती, व्यवस्था मी लावलेली होती.

तक्रारीचं काय झालं, असं बरेच जण विचारतात. 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन चांगली आहे, पण ती पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघाले असतील तर ते वाटेत अडवण्यासाठी. खोट्या ॲपमध्ये पैसे कुठून निघालेलेच नसतात. अडवायचं काय? जातो तो आपला माल. मग उरते ती पोलीस ठाण्यातली फसवणुकीची तक्रार. पूर्वी जिला चारशेवीस म्हणायचे, ती 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये गेली. आमच्या वेळी जुनाच कायदा होता, कॅमेऱ्यात दोघांचीही हेल्मेटं दिसत होती, तिथंच विषय थांबला. माल दुकानाबाहेर पडायच्या आधीचे ते दहा सेकंद, तेवढीच आपली संधी असते असं माझं मत झालंय.

मधला एक उपाय करून बघितला. काही व्यापारी ॲपमध्ये कामाच्या माणसाचा नंबर जोडता येतो, मग सूचना त्याच्याही फोनवर जाते. मुलाचा नंबर जोडला. कधी त्याचा डेटा संपलेला, कधी फोन चार्जिंगला मागच्या खोलीत, कधी बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगनं सूचनाच अडवलेली. शिवाय त्याचा स्वतःचा फोन दुकानाच्या कामाला वापरणं मला योग्य वाटेना. दुकानासाठी वेगळा फोन आणि सिम घेऊन काउंटरला ठेवला तर हे चालेलही. पण त्यात तो फोन उचलून, कुलूप उघडून बघायचं काम राहतंच, आणि गर्दीत तेच राहून जातं.

साउंडबॉक्स बसवला आणि पहिल्या आठवड्यातच ते फोन थांबले. पैसे आले हे आता काउंटरला कळतं, काउंटरवर कुणीही असो. महिना सव्वाशे रुपये कापले जातात, म्हणजे वर्षाला दीड हजार. आमच्या त्या एका बिलापेक्षा कमीच.

पण ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ती गोष्ट वेगळीच आहे. संशय घ्यायचं काम माझ्या तोंडून सुटलं. गावातल्या दुकानात गिऱ्हाईक म्हणजे शेजारी, चुलत्याचा मित्र, मुलीच्या शाळेतल्या बाई. त्यांना "दाखवा बघू, पाठवलेत का खरंच" असं म्हणायचं म्हणजे जीभ जड होते. परक्याला म्हणावं तर तो चिडतो. फोनच्या काळात एकदा संध्याकाळी थोडी पिऊन आलेला एक तरुण माझ्या अशाच प्रश्नावर भडकला. पुडा काउंटरवर आपटला, "चोर समजतोस काय" म्हणत अंगावर आला. शेजारचा सलूनवाला मधे पडला म्हणून निभावलं. गंमत नाही, त्याचे पैसे खरंच निघाले होते, फक्त अडकले होते. आता मी एवढंच म्हणतो, "बॉक्स अजून बोलला नाही, थांबा जरा." त्यात कुणावर आरोप नाही. गिऱ्हाईकही माझ्याबरोबर कान देऊन उभं राहतं. दुकानातल्या भांडणांची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण त्या दिवसानंतर पैशावरून कुणी अंगावर आलेलं मला आठवत नाही. सौ. आता एकटी संध्याकाळी बसते.

आणखी एक फसवणूक साउंडबॉक्स आपोआप पकडतो, ती स्टिकर बदलण्याची. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोत काही दुकानांच्या आणि एका पेट्रोल पंपाच्या क्यूआरवर रात्रीत कुणीतरी आपले क्यूआर चिकटवले. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे पैसे देतं, ते जातात चोराच्या खात्यात. काउंटरवर बॉक्स असेल तर पहिल्याच गिऱ्हाइकाला तो गप्प राहतो आणि आपण सावध होतो. "चुकून दोन हजार गेले, अठराशे परत द्या" म्हणणाराही टिकत नाही, कारण बॉक्सनं दोनशेच सांगितलेले सगळ्यांनी ऐकलेले असतात.

दोषही सांगतो, नाहीतर भाचा म्हणेल मामानं बाजू घेतली.

मी भाषा मराठी ठेवली आहे. सतरा आणि सत्तर, सात आणि साठ यांत गर्दीत कान चुकतो. सत्तरचं बिल, गिऱ्हाइकानं शून्य विसरून सात पाठवले, आणि मी "साठ" ऐकून दहा रुपये रोख मागतोय, असं झालेलं आहे. दुसरं म्हणजे सारख्या रकमा. शाळा सुटली की वीस रुपयांची चार पोरं एकदम उभी राहतात. बॉक्स तीनदा बोलतो. राहिलं कुणाचं? तिथं फोनमधली नावंच बघावी लागतात. तिसरं, कंपनीचा माणूस म्हणून येणारे. "मशीन अपडेट करायचंय, तुमचा मोबाईल द्या जरा" म्हणतात. फोन हातात द्यायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही, तक्रार आपण केलेली नसेल तर दारातूनच परत पाठवायचं. हा धोका बॉक्समुळं वाढलाय हे मान्य करतो.

आणि नेटवर्क. आमच्याकडं ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. 28 ऑगस्ट 2025 ला दुपारी गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मोबाईलला रेंज नव्हती. बॉक्स काही रकमा उशिरा बोलला, काही बोललाच नाही. रात्री ॲपमधून जुळवलं तर बॉक्स न बोललेल्या बहुतेकांचे पैसे आलेले होते. म्हणजे त्या दिवशी मी चांगल्या माणसांना उगाच तिष्ठत ठेवलं. तसंच 12 एप्रिल 2025 ला, शनिवारी, देशभर यूपीआय काही तास अडखळलं. अशा वेळी बॉक्स, फोन, स्क्रीन, तिन्ही सारखेच. रथाच्या दिवशी मी आता आधीच पाटी लावतो, आज रोखच द्यावेत.

स्क्रीनच्या मशीनबद्दल थोडक्यात, कारण ते चांगलंच आहे. सतरा-सत्तरचा घोळ मुळातूनच संपतो, गिऱ्हाइकाला आकडा टाकावाच लागत नाही. स्टिकर नाही म्हणून स्टिकरवर स्टिकर नाही. कार्डही चालतं, मात्र क्रेडिट कार्डावर कपात असते, ती विचारून घ्यावी. मेडिकलमध्ये 487, 1,263 अशी बिलं होतात, गिऱ्हाईक कमी आणि रक्कम मोठी, तिथं मी हेच घेईन. पण माझ्या दुकानात गूळ फोडलेल्या हातानं दर दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याला आकडा दाबायचा, क्यूआर यायची वाट बघायची, मग पुढचा, हे मला झेपणारं नाही. रविवारी मेहुण्याकडं दहा वाजता गर्दी झाली की मी स्वतःच म्हणतो, "त्या भिंतीवरच्या स्टिकरवर करा." म्हणजे घाईत आपण पुन्हा जुन्या जागी येतो. भाडंही जास्त आहे.

भाच्याच्या दुकानात शाळेची पोरं येणार, रकमा लहान, आणि दुपारी तो कॉलेजला गेला की माझी बहीण बसणार. तिला फोनमधलं ॲप उघडून बघायला लावणं बरोबर नाही. शाळा सुटण्याच्या वेळेला सारख्या रकमांचा त्रास होईल, तेव्हा एकेकाचं घ्यावं. आमच्याकडची एक सवय त्यानं पहिल्या दिवसापासून लावावी. शटर वर केलं, उदबत्ती लावली की सौ. तिच्या फोनवरून काउंटरच्या स्टिकरवर एक रुपया पाठवते. बॉक्स "एक रुपया" म्हणाला की स्टिकर आपलाच आहे, रेंज आहे आणि आवाज पुरेसा आहे, तिन्ही कळतं. एखाद दिवशी तो बोलत नाही. मग तो बोलेपर्यंत रोख.

तरी ठरत नसेल तर भाच्या, रविवारी ये. सकाळी मेडिकलमध्ये माझ्याबरोबर बस, ते मशीन हाताळून बघ, आणि संध्याकाळी पाच ते सात मामीशेजारी काउंटरला उभा राहा.