बीपीचं मशीन : तिसऱ्या महिन्यापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत

पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात माझं बीपी वाढलं, आणि ते कळलं थेट तपासणीच्या दिवशी. पाय सुजले होते, पण "दिवस भरत आले की पाय सुजतातच" असं घरात सगळे म्हणत होते. म्हणून या वेळी तिसऱ्याच महिन्यात डिजिटल मशीन घेतलं. मनगटाचं स्वस्तात मिळत होतं, पण डॉक्टर मॅडमनी दंडाचंच घ्यायला लावलं.

पहिला आठवडा रडकुंडीला आले. रोज वरचा आकडा 144, 148. मशीन घेऊन दवाखान्यात गेले, तर सिस्टरनी टेपने दंड मोजला : 35 सेंटिमीटर. सोबत आलेल्या पट्ट्यावर छापलं होतं 22 ते 32. पट्टा लहान पडला की आकडा उगाच चढा येतो. 42 पर्यंतचा मोठा पट्टा मागवला, दवाखान्यातल्या मशीनशी ताडून पाहिला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तेव्हा घेण्याआधी दंड मोजाच. गरोदर बायकांवर तपासलेलं मॉडेल आहे का, तेही विचारा. काही मशीन नेमकं याच काळात कमी आकडा दाखवतात.

पद्धत ठरून गेली. सकाळी लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराने पुन्हा एकदा. दोन्ही आकडे वहीत.

आधीचा इतिहास बघून मॅडमनी बाराव्या आठवड्यापासून रात्री कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि दिवसा कॅल्शियम दिलं होतं. ही अ‍ॅस्पिरिन कुणी मनाने सुरू करू नये. सासूबाईंनी काळजीपोटी माझं मीठच बंद केलं होतं. नुसतं मीठ तोडून गरोदरपणातला हा बीपी वाढण्याचा आजार टळत नाही, हे मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं.

पस्तिसाव्या आठवड्यात एका सकाळी 152/98 आलं. डोकं दुखत नव्हतं, सूज नव्हती, रात्री झोपही छान लागली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं, 150/96. दोनदा 140/90 च्या वर गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं आणि 160/110 ला तडक दवाखाना गाठायचा, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. लघवीत प्रथिनं निघाली. लॅबेटॅलॉल ही बीपीची गोळी सुरू झाली, बाळाची सोनोग्राफी झाली, आणि सदतिसाव्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी, 2.6 किलो. पुढची तपासणी दहा दिवसांनी होती. मशीन नसतं तर तेवढे दिवस मी तशीच काढले असते, हा विचार अजून अंगावर येतो.

घरी आल्यावर मशीन कपाटात टाकणार होते. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी पुन्हा चढू शकतं. माझं पाचव्या दिवशी 156/100 झालं, गोळीचा डोस वाढवावा लागला. सहा आठवडे वही चालू ठेवली.

तक्रारी दोनच : सेल उतरले की मशीन मध्येच एरर देतं, आणि ह्यांनी गंमत म्हणून घेतलेले आकडे मेमरीत माझ्यात मिसळले. वही हवीच. शिवाय आकडा चांगला असला तरी खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ यातलं काही झालं तर मशीनवर विसंबू नका, लगेच निघा.

सध्या मशीन नणंदेकडे आहे, तिला पाचवा लागलाय. तिचा दंड 26 सेंटिमीटर भरला, म्हणून जुना छोटा पट्टा शोधून दिला.