शोध एका कलमाचा : फर्डिनांड फॉन शिराख यांची ‘डेर फाल कोलिनी’

फर्डिनांड फॉन शिराख यांची ‘डेर फाल कोलिनी’ ही कादंबरी २०११ साली जर्मनीत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी अँथिया बेल यांच्या अनुवादामुळे ती इंग्रजीत आली. जेमतेम दोनशे पानांची ही कादंबरी रहस्यकथा म्हणून विकली जाते, मात्र खून कोणी केला हा प्रश्न तिने पहिल्या काही पानांतच निकालात काढलेला आहे. इटलीत जन्मलेला आणि सारी उमर जर्मनीतल्या मोटार कारखान्यात अवजारे घडवण्यात घालवलेला फाब्रित्सिओ कोलिनी हा निवृत्त कामगार बर्लिनच्या आडलोन हॉटेलात हान्स मायर या वयोवृद्ध उद्योगपतीच्या खोलीत शिरतो, त्याला गोळ्या घालतो आणि स्वतःच्या बुटाची टाच निखळेपर्यंत त्या प्रेताच्या चेहऱ्यावर लाथा मारत राहतो. मग तो खाली येऊन लॉबीत बसतो आणि पोलिसांना बोलवायला सांगतो. गुन्हा तो नाकारत नाही, पण कारणही सांगत नाही. उरतो तो एकच प्रश्न, आणि त्याचे उत्तर शेवटी मनुष्यस्वभावात न सापडता कायद्याच्या पुस्तकात सापडते, हे या कादंबरीचे खरे वेगळेपण आहे.

आरोपीचा बचाव न्यायालयाने नेमून दिलेल्या कास्पार लायनेन या अगदी नवख्या वकिलाकडे येतो. कागदपत्रांत मृताचे नाव जाँ-बाप्टिस्ट मायर असे दिलेले असल्यामुळे, ज्या मित्राच्या घरात आपले बालपण गेले त्या मित्राचे आजोबाच मारले गेले आहेत, हे वकीलपत्र घेताना त्याच्या लक्षातच येत नाही. मायरची नात योहाना फोन करते तेव्हा त्याला ते कळते. नावाची ही गफलत वरकरणी योगायोगासारखी वाटते, पण लेखकाने ती विचारपूर्वक योजली आहे. एकाच माणसाची कागदावरची ओळख आणि घरातली ओळख यांत किती अंतर असू शकते, हे वाचकाला इथे पहिल्यांदा दिसते आणि पुढे याच अंतरावर सारा खटला उभा राहतो.

शिराख यांची भाषा कोरडी आहे, आणि हा कोरडेपणा मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. ते स्वतः १९९४ पासून बर्लिनमध्ये फौजदारी वकिली करत होते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, २००९ मध्ये, ‘फेरब्रेखेन’ हा पहिला कथासंग्रह घेऊन साहित्यात आले. वाक्ये लहान, विशेषणे मोजकी आणि भावनांचे वर्णन जवळजवळ नाहीच, ही त्यांची रीत तिथेच ठरून गेली होती. शवविच्छेदनाच्या प्रकरणात तिचा कस लागतो. ज्यांच्या बागेत आपण लहानपणी खेळलो त्या माणसाची कवटी मोजली जात असताना, गोळीचा मार्ग तपासला जात असताना लायनेन तिथे उभा आहे आणि निवेदन एखाद्या अहवालासारखे पुढे सरकते. लेखक त्याच्या दुःखाबद्दल काही बोलत नाही, म्हणूनच ते वाचकाला जाणवते.

इथून पुढे कथेचा मर्मभाग सांगितल्याशिवाय परीक्षण करता येणार नाही. ज्यांना तो स्वतःच शोधायचा आहे त्यांनी आधी पुस्तक वाचावे, हे उत्तम. पण माझ्या मते हा उलगडा आधी कळला तरी कादंबरीचे फारसे बिघडत नाही, कारण तिचे बळ धक्क्यात नसून युक्तिवादाच्या बांधणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात मायर हा एसएस या नाझी निमलष्करी संघटनेचा अधिकारी होता. इटलीत जर्मन सैनिक मारले गेल्याचा सूड म्हणून पकडलेल्या लोकांना गोळ्या घालण्याचा हुकूम त्याने दिला होता आणि मेलेल्यांत कोलिनीचा बाप होता. एवढ्यावर थांबली असती तर ही एक सूडकथा झाली असती. परंतु शिराख पुढचा प्रश्न विचारतात : कोलिनी कायद्याच्या दारात का गेला नाही? उत्तर असे की तो गेला होता, आणि ते दार कायदेशीररीत्या बंद करण्यात आले होते.

ज्या कायद्याने ते बंद झाले तो कल्पित नाही. पश्चिम जर्मनीत १९६०च्या दशकात नाझी काळातील खुनांच्या खटल्यांची मुदत वाढवावी की नाही, यावर संसदेत जाहीर आणि तीव्र वाद चालू होता. त्याच काळात, किरकोळ नियमभंगांच्या दंडासंबंधीच्या कायद्याला जोडून आलेला एक प्रास्ताविक कायदा मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९६८ रोजी लागू झाला. त्यातल्या एका बदलानुसार, खुनाला साहाय्य करणाऱ्याच्या ठायी स्वतःचा हीन हेतू सिद्ध होत नसेल तर त्याला कमी शिक्षा देणे न्यायालयावर बंधनकारक झाले. शिक्षा कमी झाली की खटला भरण्याची मुदतही कमी होते. ती पंधरा वर्षांवर आली, आणि युद्धाच्या अखेरीपासून मोजल्यास १९६० मध्येच संपून गेलेली होती. नाझी राजवटीत हुकूम देणाऱ्या अनेकांना त्या वेळची न्यायालये मुख्य गुन्हेगार न मानता साहाय्यकच मानत असल्यामुळे, एका रात्रीत असंख्य माणसे कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. नाझी सुरक्षा यंत्रणेच्या मुख्यालयातील अधिकाऱ्यांविरुद्ध बर्लिनमध्ये वर्षानुवर्षे चाललेला मोठा तपास याच कारणाने कोसळला. संबंधित विभागाचे प्रमुख असलेले न्याय मंत्रालयातील अधिकारी एडुआर्ड द्रेहर हे स्वतः नाझी काळात इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते. हा बदल त्यांनी जाणूनबुजून घडवून आणला की नाही, याबद्दल अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत.

हा सगळा तपशील कोणत्याही कथेला जड व्हावा असा आहे. शिराख तो न्यायालयातल्या उलटतपासणीत प्रश्नोत्तरांतून उलगडतात आणि एकेक उत्तर येताना वाचकाला, कायद्याची काहीही पार्श्वभूमी नसतानाही, पुढचे उत्तर काय असणार याची भीती वाटू लागते. मृताच्या कुटुंबाची बाजू मांडणारा मुरब्बी वकील माटिंगर यात समोर बसलेला आहे, आणि तो खलनायक नाही ही लेखकाची मोठी समज. तो कायदा मानतो, त्याचे युक्तिवाद बिनतोड असतात, आणि कायदा व न्याय यांतली दरी त्याच्या प्रामाणिकपणामुळेच अधिक खोल दिसते.

लेखकाच्या आडनावामुळे या विषयाला आणखी एक धार येते. हिटलरच्या युवक संघटनेचे प्रमुख आणि पुढे व्हिएन्नाचे नाझी प्रशासक असलेले बाल्डुर फॉन शिराख हे त्यांचे आजोबा. न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. घरातल्या प्रेमळ आजोबांचा भूतकाळ भर न्यायालयात उघडा करणाऱ्या तरुणाची गोष्ट या लेखकाने लिहावी, यात धैर्य आहे, आणि त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की कादंबरीत याचे कसलेही प्रदर्शन नाही.

तरीही पुस्तक निर्दोष नाही. योहाना आणि लायनेन यांच्या नात्याची कथा लेखकाने उरकली आहे. न्यायालयात परिणामकारक ठरणारी तीच कोरडी शैली प्रेमाच्या प्रसंगांत केवळ अपुरी वाटते, आणि ज्या नातीचे सगळे आयुष्य या खटल्यात ढवळून निघते तिला स्वतःचे म्हणावे असे वाक्य क्वचितच मिळते. लायनेनच्या सचोटीला कुठेही ओरखडा पडत नाही, त्यामुळे तो माणसापेक्षा भूमिका अधिक वाटतो. कोलिनीच्या बालपणाचे प्रकरण मात्र संयमाचा उत्तम नमुना आहे. ते आणखी थोडे लांबले असते तर अखेर अधिक जड झाली असती.

अलीकडच्या जर्मन लेखनात हा विषय एकट्या शिराख यांचा नाही. बर्नहार्ड श्लिंक यांनी १९९५ मध्ये ‘डेर फोरलेझर’मधून युद्धोत्तर पिढीची अपराधी जाणीव मांडली. फोल्कर कुचर यांनी २००७ पासून गेरेओन राट या पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेत वायमार प्रजासत्ताकाची, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन लोकशाहीची, पडझड तपासकथांच्या रूपाने रंगवली. आंद्रेआ मारिया शेंकेल यांची ‘टान्योड’ तर एका खेड्यातल्या हत्याकांडाभोवती जमलेले मौन साक्षींच्या तुकड्यांतून ऐकवते. कुचर यांचा ऐसपैस पट किंवा शेंकेल यांची गूढ वातावरणनिर्मिती शिराख यांच्याकडे नाही. कायद्याचे एक कलमही माणसे मारणाऱ्यांना पाठीशी घालू शकते, हे मात्र त्यांच्याइतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी दाखवलेले माझ्या वाचनात नाही.

कादंबरीचा प्रभाव साहित्यापुरता राहिला नाही. जानेवारी २०१२ मध्ये जर्मन न्याय मंत्रालयाने स्वतःच्या नाझी वारशाचा शोध घेण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला, आणि या पुस्तकाने उठवलेली चर्चा त्यामागच्या कारणांपैकी एक मानली जाते. २०१६ मध्ये आलेल्या अहवालानुसार, १९४९ ते १९७३ या काळात मंत्रालयाच्या वरिष्ठ पदांवर असलेल्या १७० कायदेतज्ज्ञांपैकी ९० जण पूर्वी नाझी पक्षाचे सदस्य होते.

मार्को क्रॉइत्सपाइंटनर यांचा २०१९चा चित्रपट चांगला आहे. फ्रांको नेरो यांनी कोलिनीचे मौन समर्थपणे पेलले आहे. पण चित्रपटात लायनेनला तुर्की वंशाची पार्श्वभूमी दिली आहे, भावना बऱ्याच ठळक केल्या आहेत आणि कायद्याची गुंतागुंत सोपी करून टाकली आहे. म्हणून पुस्तक आधी वाचावे, आणि उलटतपासणीची प्रकरणे घाई न करता, शक्यतो एका बैठकीत वाचावीत.