१०६० गेलं, ४०६० आलं: आकडे कुठे खरं बोलतात, कुठे गप्प बसतात

"मामा, तू नवीन कार्ड घेतलंस की जुनं?"

भाच्याने एनव्हिडियाच्या दोन ग्राफिक्स कार्डांच्या स्पेसिफिकेशनची पानं शेजारीशेजारी उघडली आणि मला विचारलं. त्याच्याकडे २०२१ चं आरटीएक्स ३०६० आहे, मी घेतलं २०२३ चं आरटीएक्स ४०६०. त्याचे कोअर (चिपवरचे गणितं करणारे छोटे भाग) ३५८४, माझे ३०७२. त्याची मेमरी १२ जीबी, माझी ८. त्याची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १९२ बिटची, माझी १२८ ची. बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्याने डेटा ये-जा करण्याचा वेग, त्याची सेकंदाला ३६० जीबी, माझी २७२. पोराचं काही चुकत नव्हतं. मी सरस ठरलो ते बूस्ट क्लॉकमध्ये, म्हणजे कोअरच्या वाढीव वेगात (२४६० मेगाहर्ट्‌झ, त्याचा १७७७) आणि विजेत (११५ वॅट, त्याचे १७०), एवढंच काय ते.

पण मी ३०६० सोडून आलोच नव्हतो. माझ्याकडे होतं २०१६ चं जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं. माझा हिशोब त्याच्याशी.

१०६० मध्ये १२८० कोअर आणि १७०८ मेगाहर्ट्‌झ. गुणाकार करून त्याची दुप्पट केली (कोअर दर ठोक्याला दोन गणितं करतो) तर कागदावरची ताकद ४.४ टेराफ्लॉप्सच्या आसपास येते, ४०६० ची १५.१ (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं). म्हणजे साडेतीनपटीला जरा कमी. आणि वीज? १०६० ला १२० वॅट, ४०६० ला ११५. मला सगळ्यात जास्त आवडलेला आकडा हाच. जुन्या चिपवर ४४० कोटी ट्रान्झिस्टर होते, नवीवर १८९० कोटी, आणि तरी नवी चिप आकाराने लहान: २०० चौरस मिलिमीटरवरून १५९ वर. पॉवर सप्लाय जुनाच ठेवला. १०६० ला सहा पिनांचं कनेक्शन लागायचं, त्यामुळे केबलच्या टोकाला उरलेल्या दोन पिना सात वर्षं कॅबिनेटमध्ये नुसत्या लोंबकळत होत्या. ४०६० ला आठ लागतात. त्या दोघींना अखेर काम मिळालं.

आता कोडं असं, की ताकद साडेतीनपट आणि बँडविड्थ मात्र सेकंदाला १९२ जीबीवरून २७२, म्हणजे दीडपटसुद्धा नाही. एवढ्या कोअरना डेटा पुरणार कसा? उत्तर आहे एल२ कॅशमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत, जिच्याकडे पान वाचताना कुणी ढुंकून पाहत नाही. १०६० मध्ये ती दीड एमबी होती, भाच्याच्या ३०६० मध्ये ३ एमबी, ४०६० मध्ये २४. मेमरी म्हणजे माळ्यावरचं सामान, कॅश म्हणजे हाताशी काढून ठेवलेलं. हाताशी भरपूर असलं की माळ्यावरच्या फेऱ्या कमी होतात, मग शिडी थोडी अरुंद असली तरी चालून जातं. अर्थात कायम नाही. रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या) वाढवत नेलं की लागणारं सामान हाताशी मावेनासं होतं आणि शिडीची रुंदी पुन्हा जाणवते. मी १०८० पी वर काम करतो, मला फरक पडला नाही. त्याच्या चौपट ठिपक्यांच्या ४के वाल्यांनी हे कार्ड घेताना दोनदा विचार करावा.

काही गोष्टी पटींमध्ये बसतच नाहीत. माझं मुख्य काम ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं. आतल्या खोलीचा एक सीन, काचेचा दिवा आणि पाण्याचा ग्लास असलेला, रेंडर व्हायला, म्हणजे त्याचं पक्कं चित्र तयार व्हायला, १०६० वर अकरा मिनिटं घ्यायचा. परवा पावणेदोन मिनिटांत झाला. साडेतीनपटीच्या हिशोबाने तीन मिनिटांहून जास्त लागायला हवी होती. उरलेली करामत प्रकाशकिरणांचा माग काढणाऱ्या रे ट्रेसिंग कोअरची, जे १०६० मध्ये नव्हतेच. शून्याची किती पट काढणार? एआयची गणितं करणाऱ्या टेन्सर कोअरचंही तेच, म्हणून १०६० वर डीएलएसएसचा (कमी ठिपक्यांचं चित्र एआयने मोठं करणं) प्रश्नच नव्हता. ४०६० वर फ्रेम जनरेशनही मिळतं, म्हणजे गेममधल्या दोन फ्रेमच्या मधली फ्रेम कार्ड स्वतःच रचतं. सेकंदाला फ्रेमचा आकडा मस्त वाढतो, पण माउस हलवल्यावर हाताला जो जडपणा जाणवतो तो त्याने जात नाही. मी ते बंद ठेवलंय. एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ मात्र आता कार्ड स्वतः उलगडतं आणि तयारही करतं. आधी ते ओझं प्रोसेसरवर पडायचं आणि तो बिचारा धापा टाकायचा.

बसवताना दोन धक्के बसले. पहिला म्हणजे माझा दुसरा मॉनिटर फक्त डीव्हीआय या जुन्या पोर्टचा. १०६० ला ते पोर्ट होतं, ४०६० ला एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट, बस. एचडीएमआय ते डीव्हीआय केबलने भागलं, पण ती हाताशी नव्हती, त्यामुळे दोन दिवस एकाच मॉनिटरवर काढले.

दुसरा धक्का मोठा. कार्ड हातात घेतलं तर स्लॉटमध्ये जाणारी कड पूर्ण लांबीची, पण सोनेरी पट्ट्या मध्येच संपलेल्या. खराब माल आला की काय, म्हणून पोटात गोळा आला. मग कळलं की ४०६० ला लेनच, म्हणजे मदरबोर्डशी डेटा ये-जा करायच्या वाटाच, आठ असतात. १०६० ला सोळा होत्या. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं तर तिथे आठ लेन आणि पुढे १.१ लिहिलेलं, म्हणजे जोडणीची फार जुनी, संथ पिढी! स्लॉट गेला म्हणून मी कॅबिनेट पुन्हा उघडलं, कार्ड काढून परत बसवलं, तरी तेच. कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला लिंकचा वेग उतरवतं, हे मी विसरलो होतो. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून चाचणी चालवली तेव्हा ३.० दिसलं.

आणि ते ३.० च राहणार, कारण माझा मदरबोर्ड जुना. त्याचा स्लॉट पीसीआयई (कार्ड मदरबोर्डला जोडायची पद्धत) ४.० असता तर आठ लेनमधून सेकंदाला १६ जीबीच्या आसपास डेटा गेला असता, ३.० मध्ये तो ८ वर येतो. सगळं ८ जीबी मेमरीत मावतंय तोवर याचा पत्ताही लागत नाही. मावलं नाही की उरलेलं कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातं, आणि मग प्रत्येक वेळी त्याच चिंचोळ्या बोळातून ये-जा. जुन्या मशीनसाठी हे कार्ड घेणाऱ्याने स्पेसिफिकेशनच्या पानावर आधी ही ओळ शोधावी, कोअर मागाहून मोजावेत.

८ जीबीवर माझा राग आहेच. २०१६ मध्येच जीटीएक्स १०७० वर ८ जीबी होते. सात वर्षांनी त्याच आकड्याला नवीन म्हणायला जीभ रेटत नाही.

या आठवड्यात जंगलाचा एक सीन केला. प्रत्येक झाडाला वेगळी ४के टेक्सचर (वर चढवायची साल-पानांची चित्रं). ८ जीबी भरले, रेंडर अक्षरशः रांगायला लागलं. अर्ध्या तासाने बंद करून फाईल भाच्याला पाठवली. त्याच्या १२ जीबीत सगळं मावलं आणि चहा संपायच्या आत फ्रेम परत आली, सोबत एक ओळ: "मामा, अजून झाडं लावायची असतील तर सांग."